टिंबकाकूंची एकोणचाळीस हजार टिंबे

“काकू, राग नका मानू, पण तुमची टिंबं बाजूला काढली ना, की उत्तर एकदम स्वच्छ येतं.”

प्रोग्रॅमवाली हे बोलली आणि लगेच चहाच्या कपात बघू लागली. टिंबकाकू तेव्हा पडद्यावरच्या फोटोत एका विवराच्या मध्यावर टिंब ठेवत होत्या. त्यांचा हात मधेच थांबला. आधी त्यांनी ते टिंब नीट ठेवले, मग माउस बाजूला सारला, चष्मा काढून पुसला आणि विचारले, “माझी? सगळी?”

“सगळी.”

“एकोणचाळीस हजार?”

“हो ना.”

“मग उरतं काय?”

“जावयाची उरतात,” प्रोग्रॅमवाली पुटपुटली.

जावई म्हणजे तिने दीड वर्ष खपून लिहिलेला प्रोग्रॅम. त्याला हे नाव काकूंनीच दिले होते. तो आला तेव्हा त्याच्यासाठी नवा कॉम्प्युटर आला, वेगळी थंड खोली आली. तो रुसला की चार शहाणी माणसे हातातली कामे टाकून त्याची समजूत काढायला धावत. एवढे करून तो देतो ते खरे की खोटे, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. असे लाड जावयाचेच होतात, असे काकू एकदा म्हणाल्या आणि नाव चिकटले. त्यांना पाच वर्षे लागली तेवढे काम जावई एका दुपारी उरकत असे.

काम तरी काय? या खोलीपासून कोट्यवधी किलोमीटर लांब एक यान एका ग्रहाभोवती घिरट्या घालत होते. सूर्याला सगळ्यांत चिकटून फिरणारा, ग्रहांत सगळ्यांत लहान, अंगावर ना हवा ना पाणी, नुसता खडक. खोलीत त्याला सगळे धाकटा म्हणत. यान धाकट्याचे फोटो पाठवी आणि काकू त्या फोटोंवर टिंबे ठेवीत. एकच विवर शंभर फोटोंत असे, कधी या कोपऱ्यात, कधी त्या. प्रत्येक फोटोत त्याचा बरोबर मध्य शोधायचा आणि तिथे टिंब ठेवायचे. फोटो कधी काढला हे माहीत असले आणि विवराचा मध्य कुठे आहे हे कळले, की तेवढ्या वेळात ग्रह किती फिरला ते काढता येते. काम सांगायला इतके सोपे होते, की काकूंच्या एकाही नातेवाइकाला ते काम वाटत नसे. “दिवसभर टिंबं ठेवते म्हणे,” असे धाकटी नणंद लग्नकार्यात चारचौघांत सांगे आणि मग सगळे हसत. काकूही हसत, कारण दुसरे काय करणार.

त्याआधी वीस वर्षे त्या चष्म्याच्या एका दुकानात मागच्या खोलीत बसत. भिंग फ्रेममध्ये बसवण्याआधी त्याचा मध्य शोधून त्यावर शाईचे टिंब द्यायचे, ते काम त्यांचे. टिंब केसभर सरकले की गिऱ्हाईक चार दिवसांनी डोके धरून परत येई. भिंगावर दिव्याची चमक पडते आणि नवशिका माणूस चमकेलाच मध्य समजतो. दुकानाच्या मालकांनी पहिल्याच दिवशी त्यांच्या हातावर चापट मारून सांगितले होते, चमक बघायची नाही, कड बघायची. पुढे टिंब देणारे यंत्र आले, काकू घरी बसल्या, आणि वर्षभराने पेपरात एक जाहिरात दिसली: नजर चांगली आणि चिकाटी दांडगी असलेली माणसे हवीत. ग्रहबिह त्यात काहीच लिहिलेले नव्हते.

“पण असं कसं गं?” काकूंनी विचारले. “त्याच्यात आणि माझ्यात एवढी तफावत आहे?”

“फार नाही. एका पिक्सेलची.”

एक पिक्सेल म्हणजे फोटोतला सगळ्यांत बारीक चौकोन, धाकट्याच्या जमिनीवर साधारण दोनशे मीटर. ऐकणाऱ्याला वाटेल, एवढ्याशा गोष्टीवरून कसले भांडण. पण त्या गटातली सगळी माणसे ज्यासाठी जीव टाकत होती ते उत्तर या एका पिक्सेलमध्येच बसले होते.

धाकटा सूर्याभोवती लांबट वाटेने फिरतो. सूर्याच्या जवळ आला की सूर्य त्याला हिसका देतो, मग तो स्वतःभोवती फिरता फिरता किंचित पुढे जातो आणि नंतर किंचित मागे पडतो. ते पुढेमागे डुलणे मोजायचे होते. तेलाच्या भरलेल्या डब्याला हिसका द्या, डबा वळतो आणि आतले तेल जागच्या जागी राहते. तेच तेल थंडीत थिजलेले असेल तर आतबाहेर सगळे एकदम वळवावे लागते, डबा जड जातो, थोडाच वळतो. ग्रहाचेही तसेच. डुलणे थोडे असेल तर धाकटा आतून घट्ट गोठलेला. डुलणे दुप्पट असेल तर वरचे कवच वेगळे आणि आतले लोखंड अजून वितळलेले. सूर्याच्या इतक्या जवळ जाऊन, खणल्याशिवाय, एखाद्या ग्रहाच्या पोटात काय आहे ते सांगायचे ते या डुलण्यावरून. आणि हा फरक एका पिक्सेलचा.

दुसऱ्या दिवशी गटाच्या प्रमुखांनी काकूंना बोलावले. प्रमुख मुळात भला माणूस. वाईट बातमी सांगायची असली की ते आधी समोरच्याला खुर्ची देत. त्या दिवशी त्यांनी खुर्ची दिली आणि वर पंखाही लावला. काकू काय ते समजल्या.

“काकू, फोटोंचं पाकीट मी काल बंद केलं,” ते म्हणाले. “जावयाच्या टिंबांवरून. तुमची त्यात घेतली नाहीत.”

या गटात पाकिटांचा एक नियम होता. डुलणे दोन वाटांनी मोजायचे होते. एक वाट फोटोंची. दुसरी लेझरची: यान खाली प्रकाशाचा किरण सोडी, तो जमिनीला लागून परत येई, त्यावरून डोंगर-खळग्यांची उंची कळे आणि त्या उंचसखल रेषा जुळवून ग्रह किती फिरला ते निघे. दोन्ही वाटांनी निघालेले उत्तर ज्याने त्याने कागदावर लिहून पाकिटात घालायचे, पाकीट बंद करायचे आणि ठरलेल्या दिवशी सगळ्यांसमोर फोडायचे. शेजाऱ्याचे उत्तर कळले की शहाण्यातला शहाणा माणूसही नकळत आपले उत्तर तिकडे सरकवतो, म्हणून ही खबरदारी. बंद केलेले पाकीट परत मागता येत नसे.

“माझ्यात काय चुकलं ते तरी कळू दे,” काकू म्हणाल्या.

प्रमुखांनी पेन उचलले, ठेवले, पुन्हा उचलले. “तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं ना, दीड वर्षापूर्वी? मोतीबिंदूचं? म्हणजे मी आपलं... असं होऊ शकतं ना. मनाला लावून घेऊ नका.”

काकूंनी मनाला लावून घेतले. चांगले खोलवर लावून घेतले. घरी पोचेपर्यंत रस्त्यातल्या पाट्या त्यांनी आधी एक डोळा झाकून वाचल्या, मग दुसरा झाकून. सहा महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. पाच वर्षे डोळ्यांत तेल घालून ठेवलेले एकेक टिंब म्हणजे नुसता कचरा, एवढे एकच वाक्य घेऊन त्यांना घरी बसायचे होते.

काकूंचे यजमान आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करत आले होते. निवृत्त होऊन चार वर्षे झाली तरी कोणाच्याही इमारतीत गेले की लिफ्टच्या दाराला कान लावून उभे राहत. संध्याकाळी बायकोचा चेहरा बघून त्यांनी टीव्ही बंद केला.

“काय झालं?”

“माझे डोळे गेले म्हणतात.”

“कोण म्हणतो? काल माझ्या ताटातला केस तुला स्वयंपाकघरातून दिसला.”

“चेष्टा करू नका हो.” आणि काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. मग त्यांनी सगळे सांगितले. यजमानांना धाकटा, जावई, पाकिटे सगळे पाठ होते. पाच वर्षे जेवताना दुसरा विषय कुठे असे?

ऐकून झाल्यावर त्यांनी गुडघा चोळला. “हे बघ,” ते म्हणाले, “लिफ्ट धक्के खात असली ना, की लोक पहिल्यांदा मलाच शिव्या घालायचे. तूच काहीतरी करून ठेवलंस म्हणून. मी काय करायचो माहितीये? शेजारची लिफ्ट बघायचो. इमारत तीच, वीज तीच. दोन्ही धक्के खात असतील तर दोष विजेचा. एकच खात असेल तर दोष तिच्या अंगचा. वाद घालायचाच नाही. दोघींना शेजारी शेजारी उभं करायचं.”

“अहो, पण इथं मी एक लिफ्ट आणि जावई दुसरी. शेजारी तर आहोतच की.”

“मग तुम्हा दोघांना सोड. इमारतीत अजून कोण कोण आहे ते बघ,” यजमान म्हणाले आणि भात वाढून घ्यायला उठले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी आधी स्वतःच्या डोळ्यांचा निकाल लावला. ऑपरेशनच्या आधीचे दोनशे फोटो काढले, जुनी टिंबे लपवली आणि सगळी नव्याने ठेवली. शंभर डाव्या डोळ्याने, उजव्यावर कापसाची पट्टी लावून, आणि शंभर उजव्याने. जाणारे-येणारे डोकावून बघत होते. एकाने “समुद्री चाचे झालात का काकू?” असेही विचारले. चार दिवस लागले. जुनी आणि नवी टिंबे एकमेकांपासून अर्ध्या पिक्सेलच्याही आतच पडली होती.

प्रोग्रॅमवालीने आकडे दोनदा तपासले. “डोळे ठणठणीत आहेत तुमचे,” ती म्हणाली. मग प्रामाणिकपणे म्हणाली, “पण काकू, एखादा माणूस रोज तीच चूक तशीच करू शकतो ना. तुमचा हात सारखाच आहे हे कळलं. बरोबर आहे हे नाही कळलं.”

काकूंना तिचा राग आला आणि कौतुकही वाटले. पोरगी खोटे बोलत नव्हती.

“बरं,” त्या म्हणाल्या, “मग मला तुझ्या जावयाची टिंबं दाखव. नुसती टिंबं, आकडे नकोत.”

दोन दिवस काकू जावयाची टिंबे बघत बसल्या. एखाद्या सुनेने सासरची भांडी न्याहाळावीत तशी एकेक बघितली. पहिल्यांदा त्यांना काही दिसले नाही. विवरात टिंब, पुढच्या विवरात टिंब, सगळे जिथल्या तिथे. मग दुसऱ्या दिवशी दुपारी एका फोटोत दोन विवरे अगदी खेटून दिसली. एक खोल, दुसरे उथळ, बशीसारखे. फोटो तिथल्या सकाळचा, उन्हे तिरकी. खोल विवराचा पूर्वेकडचा अर्धा भाग काळ्या सावलीने भरलेला होता. उथळ विवरात सावली जवळजवळ नव्हतीच. उथळ विवरात जावयाचे टिंब बरोबर मध्यावर होते. खोल विवरात मात्र ते सावलीकडे सरकले होते. फार नाही. एक पिक्सेल, सव्वा पिक्सेल.

काकूंनी खुर्ची पुढे ओढली. इमारत तीच, वीज तीच.

त्यांनी दुसरा फोटो काढला, तिथल्या संध्याकाळचा. आता सावली पश्चिमेला. उथळ विवरात जावई मध्यावर. खोल विवरात जावई पश्चिमेला कललेला. तिसरा फोटो. चौथा. भर दुपारचे फोटो, सूर्य डोक्यावर, सावली कुठेच नाही. तिथे खोल काय, उथळ काय, जावयाचे आणि काकूंचे टिंब एकमेकांवर. साठ फोटो झाले तेव्हा त्यांनी मान वर केली आणि अख्ख्या खोलीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, “अगं ए, तुझा जावई सावलीला भुललाय!”

प्रोग्रॅमवाली आली ती भांडायच्या तयारीनेच. “तसं नाही होऊ शकत. सावलीचा हिशेब मी त्यात घातलाय.”

“घातला असशील. इथं बघ. हे दोन खड्डे एकाच फोटोत आहेत ना?”

“हो.”

“एकाच जमिनीवर?”

“हो.”

“मग जमीन एका खड्ड्याखाली इकडे सरकली आणि दुसऱ्याखाली जागेवरच राहिली, असं कसं होईल? जमीन एक, तर सरकणं दोन कुठून आलं?”

प्रोग्रॅमवाली खाली बसली. तिने साठही फोटो बघितले. शेवटी शेवटी तिचा चेहरा इतका उतरला, की काकूंना आपण कोणाचे तरी घर मोडले की काय असे वाटू लागले.

“सूर्यामुळेच ग्रह डुलतो,” ती हळू आवाजात म्हणाली, “आणि सूर्यामुळेच सावली सरकते. दोन्हींची लय जुळते. म्हणून चूक डुलण्यातच मिसळून गेली आणि उत्तर स्वच्छ दिसत राहिलं. आणि काकू, तेच पाकीट बंद झालंय.”

“तुला रडायचं असेल तर आत्ताच रडून घे,” काकू तिच्या पाठीवर हात ठेवत म्हणाल्या. “मग आपण प्रमुखांकडे जाऊ. दीड वर्षाची मेहनत आहे बाळा, ती कुठे जात नाही. त्याला फक्त कड बघायला शिकवायचंय.”

प्रमुखांनी साठ फोटो बघितले, कपाळ चोळले आणि पंखा स्वतःसाठी लावला. “बंद पाकीट परत देता येत नाही,” ते म्हणाले. “तो नियम मोडला तर मग काहीच राहणार नाही. नवीन पाकीट मात्र देता येतं, उद्या संध्याकाळपर्यंत. पण काकू, जावई चुकला एवढंच तुम्ही दाखवलंत. म्हणजे तुम्ही बरोबर असं होत नाही. दोघंही चुकलेले असू शकता. आणि पाकिटावर एका माणसाचं नाव लागतं. निकालाच्या कागदावर ते कायमचं राहतं, उत्तर चुकलं तरी. आजपर्यंत शास्त्रज्ञ सोडून कोणी पाकीट दिलेलं नाही. नीट विचार करा.”

“नाव टाकायचं तर टिंबकाकू टाका,” काकू म्हणाल्या. “चुकले तर चुकले. पण माझी टिंबं न मोजता फेकून देऊ नका. मोजा, आणि मग फेका.”

प्रोग्रॅमवालीने फक्त काकूंची एकोणचाळीस हजार टिंबे घेऊन गणित केले. उत्तर तिला कळले. काकूंना नियमाप्रमाणे सांगता येत नव्हते. कागद घडी करून पाकिटात घालताना तिने चेहरा अगदी कोरा ठेवला. पुढचे तीन दिवस त्यांनी घरात मीठ दोनदा घातले आणि गॅस एकदा चालू ठेवला. यजमान गुपचूप खात राहिले.

पाकिटे फोडायचा दिवस उजाडला. मोठ्या खोलीत वीसेक माणसे जमली होती. काकू सवयीने मागच्या भिंतीशी उभ्या राहिल्या, तर प्रोग्रॅमवालीने त्यांना हाताला धरून पहिल्या रांगेत आणून बसवले. त्यांच्या पलीकडे लेझरवाला बसला होता. हा उंच, वाकलेला माणूस आठवड्यात मोजून चार वाक्ये बोले आणि त्याचे काम सगळ्यांत सावकाश चाले, त्यामुळे त्याची आठवण सहसा कोणाला होत नसे. त्याचे पाकीट दोन महिन्यांपूर्वीच बंद होऊन कपाटात पडले होते.

प्रमुखांनी फळ्यावर दोन आडव्या रेघा मारल्या. खालच्या रेघेवर लिहिले, दोनशे वीस मीटर: आतून गोठलेला. वरच्या रेघेवर लिहिले, साडेचारशे मीटर: आतून वितळलेला. खोलीतल्या बहुतेकांचे मत खालच्या रेघेचे होते. लहान वस्तू लवकर निवते आणि धाकटा तर सगळ्यांत लहान.

पहिले पाकीट फोडले. फोटो, जावई.

“दोनशे बारा,” प्रमुखांनी वाचले. माना डोलल्या. कोणीतरी “वाटलंच होतं” असे म्हणाले.

दुसरे पाकीट त्यांनी हातात घेतले, त्यावरचे नाव मोठ्याने वाचले तेव्हा मागे जरा खसखस पिकली. कागद उघडला. प्रमुखांनी तो जवळ धरला, लांब धरला.

“चारशे सत्तेचाळीस.”

काकूंना वाटले, झाले, आपले नाव कागदावर कायमचे राहिले. सगळ्यांच्या नजरा आपल्या डाव्या डोळ्यावर आहेत असे त्यांना वाटले आणि त्यांनी मान खाली घातली. शेजारच्या लेझरवाल्याचा श्वास मात्र एकदम थांबला होता, तो त्यांना स्पष्ट ऐकू आला. म्हणजे ऐकू येईनासा झाला.

तिसरे पाकीट. लेझर. किरण वरून खाली जातो आणि तसाच वर येतो. त्याला सूर्य लागत नाही आणि सावली ठाऊकच नाही.

“चारशे पंचावन्न,” प्रमुख म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला.

पुढे काय झाले ते काकूंना नीट क्रमाने कधीच सांगता आले नाही. आधी लेझरवाला उभा राहिला आणि अख्ख्या वर्षाचा आवाज एकदम काढावा तसा ओरडला, “काकू!” मग खुर्च्या सरकल्या, कोणी टाळ्या वाजवू लागले, कोणी फळ्याकडे धावले. आणि सगळ्यांआधी काकूंच्या गळ्यात पडली ती प्रोग्रॅमवाली. तिचा जावई सपशेल आपटला होता आणि ती हसत होती, रडत होती आणि म्हणत होती, “तुमचा आकडा मला तीन दिवस माहीत होता, सांगता येत नव्हता हो!” प्रमुखांनी खडू घेऊन वरच्या रेघेखाली इतक्या जोरात रेघ ओढली की खडू मोडला. मोडलेल्या तुकड्यानेच त्यांनी एक मोठा गोल काढला, त्याच्या आत दुसरा गोल, आणि दोन्हींच्या मधले कवच खडूने भरून टाकले.

“एवढंच कवच डुलतंय,” ते म्हणाले. “खालचं लोखंड अजून पातळ आहे. अब्जावधी वर्षं झाली, एवढासा ग्रह, आणि अजून निवला नाही.”

काकू त्या चित्राकडे बघत राहिल्या. इतका आनंद त्यांना मुलीच्या जन्मानंतर झाला नव्हता, असे त्या पुढे स्वतःच सांगत. पाच वर्षे ज्याची कातडी न्याहाळली, त्याच्या पोटात काय आहे ते आपल्या टिंबांनी सांगितले. प्रमुख त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले. खुर्ची द्यायला नव्हती, काकू बसलेल्याच होत्या. तेव्हा ते म्हणाले, “मी तुमच्या डोळ्यांवर संशय घेतला. माझं चुकलं, काकू.” सगळ्यांसमोर म्हणाले. “चालायचंच,” त्या म्हणाल्या आणि हुंदका आवरायला बाहेर गेल्या.

बाहेरून त्यांनी घरी फोन लावला.

“अहो, आत पातळ आहे!”

“कुठं गळतंय?” यजमानांनी विचारले.

“गळत नाही हो! धाकटा! आत पातळ आहे, आणि माझं बरोबर आलं!”

पलीकडे जिन्यातल्या कोणाला तरी यजमान मोठमोठ्याने सांगत असलेले ऐकू आले: आमच्या हिने ग्रहाच्या आतलं ओळखलं, हो, आतलं, बाहेरचं तर कोणीही बघेल. शेजारी बिचारा भाजी घेऊन वर चालला होता. त्याला त्यांनी तेलाच्या डब्यापासून सुरुवात करून सगळे सांगितले.

त्यानंतरचे चार महिने काकूंच्या शेजारी एक जास्तीची खुर्ची लागली. प्रोग्रॅमवाली तिथे बसे आणि काकू टिंब ठेवताना आधी कुठे बघतात, कड झिजलेली असली तर काय करतात, अर्धी कड सावलीत असली तर उरलेल्या अर्ध्यावरून गोल कसा पुरा करतात, ते सगळे विचारून घेई. काकूंना यातले निम्मे आपण करतो हेच माहीत नव्हते. हळूहळू जावई सुधारला. एकदा तर त्याने काकूंचेच एक टिंब चुकलेले दाखवले. काकूंनी ते तीनदा बघितले आणि मग मान्य केले. “आता घरचा झाला,” त्या म्हणाल्या.

आणि मग यानाचे इंधन संपले. हे कधीतरी होणारच होते. इंधनाशिवाय ते वर राहू शकत नव्हते. सूर्याच्या ओढीने प्रत्येक फेरीला थोडे थोडे खाली येत होते, आणि एका दुपारी ते धाकट्याच्या मागे गेले ते पुन्हा पुढे आले नाही. बाहेर यायच्या ठरलेल्या मिनिटाला मोठ्या खोलीतल्या पडद्यावरची त्याच्या संदेशाची रेघ सपाटच राहिली. लेझरवाल्याने चष्मा काढला आणि हातातच धरून ठेवला.

कुठे पडले, हे मात्र सांगायचे होते. वाट माहीत होती, वेळ माहीत होती. पण त्या क्षणी खाली नेमकी कोणती जमीन आली होती, ते ग्रह किती फिरला होता त्यावर अवलंबून. जुन्या आकड्याने जागा दीडदोनशे मीटर बाजूला गेली असती. प्रोग्रॅमवालीने नवा आकडा घालून गणित केले आणि नकाशाचा तेवढा तुकडा पडद्यावर आणला. पडल्याने तिथे एक छोटे विवर झाले असणार, लग्नाच्या हॉलएवढे. त्याचा फोटो काढायला आता वर कोणी नव्हते.

“खूण करायला हवी,” प्रमुख म्हणाले आणि बाजूला सरकले. “काकू, तुम्ही.”

“मी? जावई ठेवेल की.”

“तुम्हीच ठेवा,” प्रोग्रॅमवाली म्हणाली आणि माउस त्यांच्यापुढे सरकवला.

काकू बसल्या. पडद्यावर सपाट, करडी जमीन होती. कड नव्हती, सावली नव्हती, बघण्यासारखे काहीच नव्हते. त्यांनी घाई केली नाही. आजूबाजूची चार जुनी विवरे शोधली, पाच वर्षांत शेकडो वेळा हाताखालून गेलेली. गणितातले अंतर एकेकापासून मोजत त्या आत आल्या. चारही अंतरे एका जागी जुळली तेव्हा त्यांनी श्वास रोखला आणि टिंब ठेवले.

“ठेवलं,” त्या म्हणाल्या.

प्रमुखांनी त्याखाली तारीख आणि वेळ लिहिली. ते टिंब पुन्हा तपासून बघायला कोणी कोणाला सांगितले नाही.